वरची पट्टी आणि मोठा आवाज

'आवाज चढवू नकोस' असे कुणी रागावून सांगते तेव्हा समोरच्याने आपला षड्ज बदलावा अशी त्याची अपेक्षा नसते. आवाज लहान व्हावा एवढेच त्याला हवे असते. तरी तोंडी शब्द येतात ते सगळे चढउताराचे, म्हणजे स्वराच्या उंचीचे. भांडणात माणसे वरच्या पट्टीत बोलतात, तारस्वरात ओरडतात, आवाज टिपेला नेतात, आणि समजूत पटली की आवाज खाली येतो. पट्टी, तार, टीप हे तिन्ही शब्द गाण्यातले आहेत, आणि गाण्यात त्यांपैकी एकाचाही अर्थ 'मोठा आवाज' असा नाही. पट्टी म्हणजे गायकाने षड्जासाठी धरलेली पेटीवरची जागा, काळी एक किंवा पांढरी चार. तार म्हणजे मध्य सप्तकाच्या वरचे सप्तक. टीप म्हणजे तिथला षड्ज. या तिन्ही ठिकाणी तयारीचा गायक कानात सांगावे इतक्या हळुवारपणे स्वर लावू शकतो. मग बोलण्यात उंचीचे शब्द मोठेपणासाठी का वापरले जातात? संगीत न कळणाऱ्यांनी केलेली ही गल्लत आहे, असे उत्तर सहज दिले जाते. ते मला पटत नाही. उंची आणि मोठेपणा यांची ही सांगड फार जुनी आहे, तिला शरीराचा आधार आहे, आणि आवाज माणसाच्या गळ्यातून येतो तोवर ती बहुतांशी खरीही आहे. ती फसते ती एका विशिष्ट जागी, आणि त्या जागेचा त्रास आज प्रत्येक शहराला होतो आहे.

आधी संगीतशास्त्र काय सांगते ते पाहू. संगीताच्या प्राथमिक पुस्तकांत नादाचे तीन गुण शिकवले जातात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. उच्चनीचता कंपनांच्या वेगावर ठरते, लहानमोठेपणा कंपनांच्या आवाक्यावर, आणि जातीमुळे सनई व सारंगी यांचा एकच स्वर वेगवेगळा ओळखू येतो. म्हणजे शास्त्राने दोन्ही गोष्टी नीट वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यांना सोपी मराठी नावेही दिली आहेत. पण त्याच शास्त्राच्या परिभाषेत दोन शब्द असे आहेत की नवख्याची वाट चुकावी. तीव्र मध्यम म्हणजे जोराने लावलेला मध्यम नव्हे. तो शुद्ध मध्यमापेक्षा उंच असतो, इतकेच. कोमल गंधार म्हणजे हळू आवाजातला गंधार नव्हे. तो शुद्ध गंधारापेक्षा खाली असतो. गायक कोमल ऋषभ छाती भरून लावू शकतो आणि तीव्र मध्यम नुसता स्पर्शून सोडू शकतो. उलट विज्ञानाच्या पुस्तकात 'ध्वनीची तीव्रता' म्हटले की अर्थ होतो मोठेपणाशी संबंधित, आणि घरात 'कोमल आवाज' म्हटले की हळुवार बोलणे डोळ्यांसमोर येते. एकच शब्द गाण्याच्या वर्गात उंची मोजतो आणि शेजारच्या विज्ञानाच्या वर्गात जोर मोजतो. तेव्हा गल्लत असलीच तर ती सामान्य माणसापासून सुरू झालेली नाही. परिभाषेच्या घरातच तिचा मुक्काम आहे.

पाश्चात्त्य संगीताने हा प्रश्न सोडवला आहे, असे या ठिकाणी कुणी म्हणेल. तिथे हळू आवाजासाठी पियानो, मोठ्यासाठी फोर्टे, वाढत जाणाऱ्यासाठी क्रेसेंडो असे इटालियन शब्द ठरलेले आहेत आणि ते स्वरलिपीत छापले जातात. व्हेनिसच्या जोव्हानी गाब्रिएली याची 'सोनाटा पियान ए फोर्टे' ही रचना १५९७ साली छापली गेली; लहानमोठेपणाच्या खुणा असलेल्या आरंभीच्या छापील रचनांत तिची गणना होते. पुढे शंभरेक वर्षांनी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने असे वाद्य बनवले की बोटाच्या दाबाप्रमाणे त्याचा स्वर लहानमोठा होई, आणि त्या वाद्याचे नावच 'पियानो' आणि 'फोर्टे' या जोडीवरून पडले. आज आपण ज्याला पियानो म्हणतो त्याच्या नावाचा अर्थ शब्दशः 'हळू' असा आहे, आणि 'मोठा' हा अर्धा भाग वापरता वापरता गळून गेला. १८९३ सालच्या आपल्या सहाव्या सिंफनीत चायकोव्हस्कीने एके ठिकाणी 'पी' हे अक्षर सहा वेळा लिहिले आहे. ही सगळी व्यवस्था काटेकोर आहे. पण तिच्यामागचे कारण तत्त्वज्ञानाचे नाही, व्यवहाराचे आहे. पन्नास-साठ वादकांनी एकाच क्षणी एकसारखे हळू व्हायचे तर ते कागदावर लिहूनच ठेवावे लागते. त्याच युरोपात, बोलण्यात आणि जुन्या परिभाषेत, उंची आणि मोठेपणा आपल्यासारखेच एकमेकांत मिसळलेले आढळतात. पंधराव्या शतकात फ्रेंच भाषेत वाद्यांचे 'ओ' आणि 'बा', म्हणजे 'उंच' आणि 'खालची', असे दोन गट मानत. 'उंच' वाद्ये म्हणजे उघड्यावर वाजणारे कर्णे आणि सनईच्या जातीची वाद्ये, 'खालची' म्हणजे दिवाणखान्यात वाजणारी वीणेच्या जातीची वाद्ये. इथे उंच याचा अर्थ सरळ मोठा असाच होता. आणि आपल्या कोमलला तिथेही जुळा भाऊ आहे: उतरलेल्या 'बी' स्वराला लॅटिनमध्ये 'मऊ बी' म्हणत, न उतरलेल्याला 'कठीण बी'. मऊपणाने उंची मोजण्याची ही रीत दोन्हीकडे आहे.

आपल्या स्वरलिपीकडे पाहिले तर फरक लगेच दिसतो. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे ग्रंथ मराठीतच लिहिले आणि शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आहे, तीव्र मध्यमावर उभी रेघ आहे, मंद्रासाठी खाली टिंब, तारासाठी वर टिंब, मींडेसाठी कमान, समेसाठी आणि खालीसाठी वेगळ्या खुणा आहेत. मोठ्या-लहान आवाजासाठी एकही खूण नाही. यावरून आपल्या गाण्यात लहानमोठेपणाला किंमत नाही असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चुकीचा ठरेल. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि त्यांच्या गाण्याची ओळखच मुळी नाजूक, सुईच्या टोकासारख्या स्वराची आहे. आग्रा घराण्याच्या फैय्याज खाँसाहेबांची ओळख भरदार, खुल्या, मर्दानी आवाजाची आहे. कुमार गंधर्व एका तानेत आवाज झपकन मोठा करून पुढच्याच क्षणी अस्पष्ट करत. तबल्यात बंद बाज आणि खुला बाज असा भेद आहे. म्हणजे लहानमोठेपणा आहे, त्याची जाणही फार बारीक आहे. पण तिला दिलेली नावे प्रमाणाची नाहीत, प्रकृतीची आहेत. आवाजाचा लगाव, फेक, खुला, बंद, दाबलेला, भरदार या शब्दांनी आवाज किती हे कळत नाही, कसा हे कळते. एकटा गायक आपल्या मनाने गात असतो, त्याला कागदावरून आज्ञा घ्यायची नसते, म्हणून किती हे लिहून ठेवण्याची गरजच पडली नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले तेव्हा पियानो-फोर्टेच्या खुणा इथल्या वाद्यवृंदाच्या कागदांवर आल्या. पण त्या कागदांवरच राहिल्या. मराठी बोलण्याने त्या उचलल्या नाहीत, कारण बोलण्याची गरज आधीच दुसऱ्या शब्दांनी भागलेली होती.

ती किती आधी भागली होती याचा पुरावा व्याकरणात आहे. पाणिनीने उदात्त आणि अनुदात्त स्वरांची व्याख्या करताना उच्च आणि नीच यांच्याच रूपांचा वापर केला. त्यावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात शंका घेतली की हे शब्द स्थिर नाहीत. जे एकाला उंच वाटते ते दुसऱ्याला खालचे वाटते. उदाहरण म्हणून त्याने पठण करणाऱ्या माणसाला 'एवढ्या मोठ्याने काय ओरडतोस' असे हटकणारा एक जण उभा केला आहे. उदाहरण मोठेपणाचे आहे आणि चर्चा उंचीची आहे, हे लक्षात घ्यावे. कमी ताकदीच्या माणसाचा सर्वांत उंच स्वर हा दणकट छातीच्या माणसाचा सर्वांत खालचा असू शकतो, असेही तो म्हणतो. पुढे पाणिनीच्या सूत्रांवरच्या 'काशिका' या टीकेच्या कर्त्यांना मुद्दाम खुलासा करावा लागला की सूत्रातले 'उच्च' हे मोठ्याने बोलणे, मोठ्याने वाचणे या अर्थाचे नाही. मुखातल्या स्थानाच्या उंचीवरून ते घ्यायचे आहे. असा खुलासा कधी करावा लागतो? शब्द ऐकताच लोकांच्या मनात दुसरा अर्थ येत असेल तेव्हाच. म्हणजे 'उच्चैः' याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ तेव्हाही 'मोठ्याने' असाच होता. (उदात्त हा शब्द पुढे स्वराची उंची सोडून मनाच्या मोठेपणाकडे गेला, आणि मराठीत तो आज तेवढाच उरला आहे.)

भरताच्या नाट्यशास्त्रात हीच सांगड नटाच्या शिक्षणात पक्की केलेली दिसते. छाती, कंठ आणि मस्तक अशी स्वराची तीन स्थाने सांगून भरत म्हणतो की जवळच्याशी छातीतून, थोड्या अंतरावरच्याशी कंठातून आणि दूरच्याशी मस्तकातून बोलावे. उच्च आणि त्याहून वरचा दीप्त असे स्वर हाका मारायला, भांडणाला, वादाला, क्रोधाला. मंद्र आणि नीच हे खिन्नतेला, आजाराला, थकव्याला, भीतीला. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या देवगिरीत शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला, त्यातही मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात अशीच वाटणी आहे, आणि प्रत्येक स्थान आधीच्याच्या दुप्पट असे त्याचे गणितही आहे. या परंपरेत आवाज किती मोठा हा प्रश्न सुटा विचारलाच जात नाही. ऐकणारा किती लांब आहे आणि बोलणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे आधी विचारले जाते. मला हे अधिक शहाणपणाचे वाटते. आपण आजही 'चढा आवाज' म्हणतो तेव्हा त्यात केवळ ध्वनीचे माप नसते. अंतर ओलांडले गेल्याची, जवळ असलेल्या माणसाशी लांबच्यासारखे बोलल्याची तक्रार असते.

शरीरशास्त्र या परंपरेच्या बाजूचे आहे. मोठ्याने बोलायचे तर फुप्फुसांतल्या हवेचा दाब वाढवावा लागतो. दाब वाढला की स्वरतंतूंवर ताण येतो आणि मुद्दाम आवरले नाही तर स्वराची उंचीही वाढते. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार याने १९११ साली दाखवून दिले की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो; त्या मोठ्याने बोलण्यात स्वरही चढतो, हे नंतरच्या मोजमापांत दिसले. ऐकणाऱ्याच्या बाजूनेही तेच. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली सिद्ध केले की कानाला सर्व उंचीचे ध्वनी सारखे ऐकू येत नाहीत. सेकंदाला तीन-चार हजार कंपनांच्या आसपास तो सर्वांत तल्लख असतो आणि खर्जाच्या बाजूला बराच मंद. तेवढ्याच जोराचा उंच ध्वनी त्याला मोठा वाटतो. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा नाटकातले गायक-नट वरच्या पट्ट्यांत गात, शाहिरामागचे झीलकरी आणि तमाशातले सुरत्ये सूर उंच धरत, त्यामागे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याचीही गरज होती. गायकाला उंची आणि मोठेपणा वेगळे करता येतात, हे खरे. पण त्यासाठी वर्षानुवर्षे घासावे लागते. तालमीने जे साधते ते न शिकलेल्या गळ्याकडून गृहीत धरून बोलीला अज्ञानी ठरवणे बरोबर नाही.

या सांगडीचा खालचा अर्धा भाग मात्र तितका घट्ट नाही. षड्जावरून आलेला खर्ज हा शब्द बोलण्यात उतरला, पण 'खर्जात बोल' याचा अर्थ 'हळू बोल' असा कधी झाला नाही. खर्जातला आवाज भारदस्त असतो, अधिकाराचा असतो, आणि पुष्कळदा चांगला मोठाही असतो. हळूसाठी मराठीने गाण्याकडे फारसे मागितलेच नाही. आपण दबक्या आवाजात बोलतो, हलक्या आवाजात बोलतो. म्हणजे दाब आणि वजन. 'हळू बोल' यात गती आहे की आवाज, हे प्रसंगावरून ठरते. 'जोरात' या शब्दाचेही तसेच. टीव्हीचा आवाज मात्र आपण गॅससारखा बारीक करतो किंवा मोठा करतो. हा शेवटचा वापर मला विशेष महत्त्वाचा वाटतो. यंत्रातून येणाऱ्या आवाजाला घरातल्या माणसांनी चढव-उतर हे शब्द लावले नाहीत; लहान, बारीक, मोठा हे आकाराचे शब्द लावले. यंत्रात मोठेपणा वाढला तरी स्वर जागचा हलत नाही, हे बोलीने कुणी न शिकवता ओळखले, आणि संगीताच्या पुस्तकातल्या 'लहानमोठेपणा' या नावाशी ती आपोआप येऊन जुळली.

केवळ मोठेपणाची मोजपट्टी मराठीत आणखी एके ठिकाणी आहे, आणि ती वाद्यांची आहे. स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस लहान, डंका पिटणारा मोठा. दवंडी गावापुरती, डांगोरा चहूकडे. रणशिंग आणि तुतारी फुंकली की काहीतरी सुरू झाल्याचे जाहीर होते. नगाऱ्यापुढे टिमकी या म्हणीत तर दोन टोके शेजारी ठेवून मापच दिले आहे. गाजावाजा या शब्दात गर्जना आणि वाद्य दोन्ही आहेत, आणि ज्याचे नाव 'गाजते' त्याच्या कीर्तीला आपण आवाजानेच मोजतो. ही सगळी उघड्यावरची वाद्ये आहेत. दिवाणखान्यातल्या गाण्याने बोलीला उंचीचे शब्द दिले, आणि मिरवणुकीतल्या, देवळातल्या, युद्धातल्या वाद्यांनी मोठेपणाचे.

वर्तमानपत्री मराठीतली एक सवय इथे तपासायला हवी. प्रचार टिपेला पोहोचला, असे लिहिले जाते आणि शिगेला पोहोचला, असेही. शीग ही धान्य मोजताना मापावर चढणारी रास. तिचा आवाजाशी काही संबंध नाही. तिच्याजागी टीप वापरली की ध्वनीची कल्पना आत येते, म्हणून भोंगे आणि सभा यांनी भरलेल्या प्रचाराला टीप शोभते, उत्सुकतेला शीग. इंग्रजीत क्रेसेंडो या शब्दाचा अर्थ 'वाढत जाणारे' असा असून तो 'कळस' या अर्थाने वापरला जातो आणि जाणकार त्यावर चिडतात. आपल्या टिपेला ती अडचण नाही. ती मुळातच पोहोचण्याची जागा आहे. आयता नेमका शब्द असताना 'क्रेसेंडो' मराठीत आणण्याचे कारण मला दिसत नाही.

आता सांगड फसते ती जागा. मिरवणुकीतल्या प्रचंड ध्वनिक्षेपकांचा त्रास वरच्या पट्टीतला नाही. भिंती आणि तावदाने थरथरवणारा, छातीत धडधडणारा तो आवाज खर्जाच्याही खालचा आहे, आणि खालचे ध्वनी भिंतींतून अधिक सहज आत येतात. 'कर्कश', 'कानठळ्या', 'टिपेचा' हे आपले तक्रारीचे शब्द उंच आवाजांसाठी घडलेले, म्हणून ते इथे नेमके लागत नाहीत. कायद्याचे मापही याच बाजूला झुकलेले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते हे ध्यानात घेतले तर हे आकडे कडक आहेत. पण ते 'ए' भारित डेसिबल आहेत. ही 'ए' पद्धत फ्लेचर-मन्सन यांनी मोजलेल्या हळू आवाजांच्या वक्रावरून आली, आणि ती खर्जाच्या बाजूचे ध्वनी मुद्दाम कमी धरते: सेकंदाला १०० कंपने असलेल्या ध्वनीतून सुमारे १९ डेसिबल वजा होतात, ६३ कंपनांच्या ध्वनीतून सुमारे २६. भाषेने खालच्या आवाजाला हळू मानले, मापकानेही तेच केले. माप कमी आले म्हणजे त्रास काल्पनिक, असा युक्तिवाद कुणी केला तर त्याला हेच उत्तर आहे. आणि मापकांत खालचे ध्वनी जवळजवळ पूर्ण धरणारी 'सी' ही दुसरी पद्धतही असते.

म्हणून तक्रार लिहिणाऱ्यांना आणि बातमी देणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: ध्वनिक्षेपकाच्या आवाजाला कर्कश किंवा टिपेचा म्हणू नका. तो मोठा आहे असे लिहा, घुमणारा आणि खर्जातला आहे असे लिहा, दारे-खिडक्या थरथरतात हे लिहा, आणि 'ए'च्या जोडीला 'सी'चे मापही नोंदवायला सांगा.